दोन रेघा

ट्रेलरमध्ये उशा दोन, कप दोन, घडीच्या खुर्च्या दोन आणि माणूस एक. बायको लॉर्ना उन्हाळ्यात वारली, तरी कॅनडातली थंडी चुकवायला एल्डन ट्रेलर ओढत ॲरिझोनात आलाच.

पलंगाच्या उशाशी पातळी बघायची काचेची नळी होती. तो एकटा आडवा झाला की त्याची बाजू दबे आणि नळीतला हवेचा फुगा लॉर्नाच्या उचललेल्या बाजूला दोन रेघा सरके.

"म्हाताऱ्या, एका अंगावर कलंडलायस! चाकाखाली फळी घाल की," शेजारची व्हर्ना ओरडली.

"घातली की लॉर्ना गेली असं होतं गं."

"गेलीच आहे रे ती."

त्याने फळी घातली. दुपारी आडवा झाला, तर फुगा मधोमध.

"माफ कर, लॉर्ना."

लॉर्नाच्या बाजूला पलंग करकरला. फुगा त्याच्या बाजूला दोन रेघा सरकला.