सहप्रवाशाची सूचना

सबनीसबाई गेल्या आणि त्यांची गाडी सुरू होईना. फिरोज मिस्त्रीने स्कॅनर लावला. इंजिन ठणठणीत होतं, पण पडद्यावर एकच कोड पुन्हा पुन्हा येत होता.

"काका, सहप्रवाशाची सूचना मिळत नाही म्हणतेय. या गाड्या घरच्यांच्या सवयी शिकतात ना! शेजारून काकूंनी 'हळू चालवा' म्हटल्याशिवाय ही हलायची नाही."

"मी म्हणून पाहिलं," सबनीस म्हणाले.

"तुमचं ऐकायची तिला सवय नाही."

"मग कोड पुसून टाक."

"पुसतो की. पण मग तिला काकू आठवायच्या नाहीत. शोरूममधून आल्यासारखी कोरी होईल."

सबनीसांनी डाव्या सीटकडे पाहिलं. डॅशबोर्डला गुडघे टेकतील इतकी ती पुढे ओढलेली होती. सबनीसबाईंना ब्रेकवर लक्ष ठेवायचं असे.

"नाही पुसला तर?"

"तर काय, वाट बघत बसेल. बॅटरी आहे तोवर."

पंक्चर किती आहेत ते ऐकून डोलवावी, तशी सबनीसांनी मान डोलावली.

"मग बॅटरी नवी टाक," ते म्हणाले आणि बसस्टॉपकडे चालू लागले. हळू.