आडवा शिपाई

पिंप्राळ्यात गणपती रंगवणाऱ्या लोटनआबांना जुन्या लढाया टेबलावर मांडून फाशांनी खेळायचा भारी नाद. त्यासाठी पानिपतचे बोटभर उंचीचे चाळीस शिपाई त्यांनी रंगवायला घेतले होते. एकोणचाळीस झाले आणि त्याच आठवड्यात त्यांचा एकुलता एक मुलगा गोकुळ फौजेत भरती झाला. उरलेला शिपाई लढाईत मरून आडवा पडलेला. त्याला आबांनी नऊ वर्षं ब्रश लावला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "नजर गेली आता."

आज गोकुळची सुट्टी संपली. सरहद्दीवर परत निघण्याआधी त्याने आबांना हाताला धरून टेबलापाशी नेलं. चाळीसच्या चाळीस शिपाई मांडून ठेवले होते.

"तुमचं राहिलेलं काम उरकून टाकलं, आबा. डोळे सगळ्यात शेवटी आखले, तुम्ही गणपतीचे आखता तसे."

आबांनी आडवा शिपाई उचलून भिंगाखाली धरला. हनुवटीवर, डाव्या बाजूला, तीळ होता.

बाहेर रिक्षा येऊन थांबली. गोकुळने बॅग खांद्याला अडकवली आणि हसला.

"चेहरा काही केल्या जमेना. मग आरसा समोर ठेवला."