टिकलेलं रोप

टोमॅटोची रोपं लेकरासारखी वाढवायची, मग त्यांच्यावर रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माश्या सोडायच्या आणि कोण तगतं ते बघत बसायचं, अशी तिची बियाणं-संशोधन केंद्रातली नोकरी. यंदाही जाळीघरातल्या सगळ्या रोपांनी पानं आकसून माना टाकल्या होत्या. कोपऱ्यातलं एकच हिरवंगार उभं होतं.

"बाई, सापडलं की हो!" माळीकाका हरखले. "आता ह्याला जपायचं."

"जपायचं कसलं, काका? नशिबानं वाचलं असेल तर? आता ह्या एकट्यावर दुप्पट माश्या सोडायच्या. आणा डबा."

काका डबा आणायला वळले, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, अंथरुणावरची आई तुझ्याकडे आहेच, आता बाबांनाही तिकडेच पाठवतो. आमच्याच्यानं नाही होत गं. तुझं बरं आहे, तू खमकी. तुला काही होत नाही."

"बरं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

काका डबा घेऊन आले आणि झाकणाला हात घालणार, तोच तिनं डब्यावर हात ठेवला.

"उद्या सोडू, काका. आजचा दिवस त्याला नुसतं उभं राहू द्या."