आरशातले पाहुणे

इंगेबोर्गबाई चार दिवस व्हिएन्ना पाहून नॉर्वेला परत गेल्या. त्या रोज केक खायला जात त्या कॅफेतल्या भिंतभर आरशाने मात्र त्या गेल्याच नाहीत असं गृहीत धरलं. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं, आणि आरशात त्याच टेबलाशी बाई निवांत केक खात बसल्या होत्या.

वेटर आलोइसची छाती फुगली. "बघ! राजवाडे पाहिले, ऑपेरा ऐकला, आणि जीव अडकला कुठे? आपल्या कॅफेत!"

"आलोइसकाका, त्यांना घरी जायला सांगा ना," काउंटरमागून रोझवीता पुटपुटली.

"वेडी आहेस का? एका कॉफीवर माणूस दिवसभर बसला तरी आपण त्याला उठवत नाही. बापजाद्यांपासून नाही. तू केक काप."

हळूहळू आरशातली सगळी टेबलं भरली. पर्यटक आपापल्या देशी पोचले होते आणि इथेही होते. सगळे आलोइसकडे बघत होते.

तो रोज सकाळी गळ्यातला बो सरळ करून त्यांना अभिमानाने लवून नमस्कार करायचा. उभ्या जन्मात तो ग्राहकांसमोर खुर्चीत टेकला नव्हता.

आज तो लवला, पण आरशातला आलोइस लवला नाही. तो इंगेबोर्गबाईंच्या शेजारी ऐसपैस बसला होता, आणि कॉफी मागवायला खऱ्या आलोइसकडे बघून बोट वर करत होता.

रोझवीताच्या हातातली सुरी खाली पडली.

आलोइसने घसा खाकरला. "आरशातल्या वेटरने तत्काळ उठून कामावर रुजू व्हावे, ही नम्र विनंती."