दहा जणांचा खेळ

“या खेपेले आम्ही दहाच जण खेळणार, माय,” शेषराव म्हणाला आणि त्याची मान खाली गेली.

मनकर्णाबाई वांग्याच्या वाफ्यांना पाणी देत होती. तिनं फावडं खाली ठेवून आधी रस्त्याकडे पाहिलं. आंब्याखालचा शिपाई पेंगत होता. सावलीत झोपायचाच त्याला पगार होता म्हणा. बेचाळीसच्या ऑगस्टपासून तिच्या घरावर आणि मळ्यावर असा पहारा होता. तिचा महादू, कॉलेजच्या फुटबॉल टीममधला डावीकडचा गडी, रेल्वेच्या तारा तोडल्याच्या आरोपावरून फरार होता.

दहा जणांचा अर्थ तिला कोणी सांगायला नको होता. ती रीत महादूनंच कधी तरी चुलीपाशी बसून सांगितली होती. टीममधला गडी मेला की पुढचा सामना दहा जणांनी खेळायचा. त्याची जागा रिकामी ठेवायची आणि शेवटी त्याचा पिवळा शर्ट त्याच्या आईच्या हाती द्यायचा. पटकीच्या साथीत पडलेली रीत, पण कॉलेजातली पोरं तिला देवाच्या शपथेहून मोठी मानत.

शेषराव टीमचा कॅप्टन, देऊळगाव राजाचा. एरवी मैदानभर ओरडणारा गडी, पण आज तो बांधावरचं गवत उपटत पुटपुटला, “माय, महादू...”

“थांब,” मनकर्णाबाई म्हणाली आणि चक्क हसली. “समजलं मले. पोलिसाच्या डोळ्यात धूळ टाकून राह्यले तुम्ही. थो फौजदार तुमच्याच कॉलेजात शिकेल हाये. दहा गडी पाह्यले का शोध सोडून देते, हाव ना?”

शेषराव तिच्याकडे पाहतच राहिला. “तसं नाही, माय. ऐका जरा...”

“काहीच सांगू नको बाप्पा. माह्या तोंडात तीळ भिजत नाही. कुठी हाये, कोणापाशी हाये, मले कळूच देऊ नको. मी येतो अन् रडतो. अशी रडतो का फौजदाराच्या डोळ्यात पाणी आलं पाह्यजे.”

त्यानं कानापर्यंत ओढलेली टोपी आणखी खाली ओढली. तिनं पाण्याचा तांब्या दिला तर अर्धं पाणी त्यानं छातीवर सांडलं.

“शर्ट तुमच्याच हाती द्यायचा असते,” एवढंच तो कसाबसा म्हणाला.

“घेतो ना. अन् पोरायले सांगजो, हे सारं निस्तरलं का अख्ख्या टीमले रोडगे अन् या मळ्यातल्या वांग्याची भाजी.”

तो बांधाआडून, चोरासारखा निघून गेला. त्यानं तर तिची खात्रीच पटली.

महादू शेवटचा आला होता तेव्हा असाच बांधाआडून आला होता आणि उभ्या उभ्या भाकर खाऊन गेला होता. अंगात टीमचा शर्ट, डाव्या खांद्यावर फाटलेला. तिनं जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा लावून दिला, तर म्हणाला, “हे काय केलं, माय? लोकं बैलाची झूल म्हणतीन.” तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. तेवढ्या घाईतही दोघं हसली होती. त्या हसण्यावर ती हे सारे दिवस काढत होती.

सामना नांदुऱ्याला होता, भुसावळच्या रेल्वेवाल्यांशी. शेजारच्या उकंडरावाच्या बैलबंडीत बसून ती गेली आणि एका लिंबाखाली बसली. गावोगावची माणसं डफडी घेऊन आली होती. इथं गड्याला नावानं कोणी हाक मारत नसे. चेंडू ज्याच्या पायात, त्याच्या गावाचा गजर व्हायचा.

दहा गडी उतरले आणि डफडी आपोआप थांबली.

खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं चेंडू घरंगळत डावीकडच्या रेषेपाशी गेला. तिथं कोणीच नव्हतं. गर्दीतून एक आवाज उठला, “वडनेर!” मग दुसरा, मग साऱ्या मैदानानं त्या रिकाम्या जागेकडे पाहत तिच्या गावाचं नाव घेतलं.

मनकर्णाबाईला सोंग करावंच लागलं नाही. जित्या पोराच्या नावानं रडायचं, याचीच तिला धास्ती बसली होती. पदर तोंडात कोंबून ती मनात म्हणत होती, मारुतीराया, हे खोटं हाये, तू खरं मानू नको.

टीम हरली. कोणी त्याचं दुःख केलं नाही. दहा जण रांगेनं तिच्यापुढं आले आणि शेषरावानं टोपी काढली. डोकं भादरलेलं होतं. किती हुबेहूब सोंग घेतलं पोरानं, तिला वाटलं, आणि त्याच्यावर माया दाटून आली. त्यानं टॉवेलात गुंडाळलेला शर्ट तिच्या हातांवर ठेवला, पायांवर डोकं टेकलं आणि ते उचलेना.

“ऊठ ना बे,” ती हळूच पुटपुटली. “लय झालं आता. फौजदार पाहून राह्यला.”

तो आणखीच हुंदके देऊ लागला.

फौजदारानंही टोपी काढली. मग तो शिपायाला म्हणाला, “वडनेरचा पहारा आजच उठवा.”

परतीच्या वाटेवर मनकर्णाबाईनं पदरानं तोंड झाकून घेतलं. हसू दिसलं असतं. उकंडराव बैलांना हाकायचं सोडून डोळे पुसत होता. तिला त्याची दया आली. पहिला रोडगा याच्याच ताटात वाढीन, तिनं ठरवलं.

आंब्याखाली कोणी नव्हतं. किती तरी महिन्यांनी तिनं घराचं दार उघडंच ठेवलं. महादू आता कधीही येऊ शकत होता. हा शर्ट कोणा तरी गड्याचा जादाचा असेल, धुऊन परत द्यावा म्हणून तिनं दिव्याजवळ बसून टॉवेल सोडला आणि घडी उलगडली.

डाव्या खांद्यावर हिरवं ठिगळ होतं.