कोंबडीची शेवटची अंडी

"बूट लाथाडू नका, साहेब. जेथ्रोचे आहेत," थर्झा लार्टर म्हणाली.

लेफ्टनंट प्रायरने उचललेला पाय सावरला. दारातले ते समुद्रावरचे उंच बूट ओलांडून तो स्वयंपाकघरात आला. चुलीपाशी घोंगडीत गुंडाळलेला जर्मन खलाशी कुडकुडत बसला होता. सकाळी कोळ्यांनी त्याला पाण्यातून ओढून काढलं आणि बंदराला सगळ्यात जवळचं म्हणून थर्झाच्या घरी आणून टाकलं. संध्याकाळच्या आत हलवलंत तर मरेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. त्याच्याबरोबरचे तेरा जण पाणबुडीसकट तळाला गेले. देव तारी त्याला कोण मारी, दुसरं काय म्हणायचं.

त्या पाणबुडीला इंग्लंडच्या सफक किनाऱ्यावर सगळे कोंबडी म्हणत. तिच्याजवळ ना तोफ, ना टॉर्पेडो. पोटात बारा सुरुंग घेऊन बेल्जियमहून यायची, बंदराच्या तोंडाशी सोडायची आणि चालती व्हायची. "घालते बारा, उबवत एक नाही," असं बायका जाळी विणताना म्हणत. नोव्हेंबरात गावची मासेमारीची बोट 'प्रॉव्हिडन्स' तिच्या एका सुरुंगावर गेली, आणि तो विनोद बंद झाला.

सुरुंग आधी तळाशी बसायचा. त्याला अडकवलेला खडा पाण्यात विरघळला की मग वर यायचा. आज पहाटे एक खडा घाईने विरघळला आणि कोंबडी आपल्याच अंड्यावर फुटली. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हा पोरगा वाहत आला होता. उरलेले अकरा सुरुंग अजून पाण्यात होते.

"बंदराच्या उत्तरेच्या वाटेत टाकलेत की दक्षिणेच्या?" प्रायरने विचारलं.

खलाशाचं नाव हार्क. लढाईपूर्वी तो लंडनला एका हॉटेलात वाढपी होता, त्यामुळे इंग्रजी त्याला चांगलं येत होतं. पण तोंडात मिठाची गुळणी.

"संध्याकाळच्या भरतीला नऊ बोटी परत यायच्यात. वादळ येतंय, त्यांना बाहेर थांबवता येणार नाही. अंधार पडायच्या आत माझ्याच्यानं एकच वाट साफ होईल. कुठली करू, सांग."

"माझे तेरा दोस्त खाली आहेत, साहेब. त्यांनी जीव देऊन केलेलं काम मी तुम्हाला विकू?"

"'प्रॉव्हिडन्स'वर चार माणसं होती. तीही खालीच आहेत."

हार्कने मान खाली घातली. प्रायर तणतणत धक्क्याकडे निघून गेला. दाराबाहेर पहाऱ्याचा शिपाई तेवढा राहिला.

"ती घोंगडी टाक. ओली झालीय," थर्झा म्हणाली. तिने पेटीतून जाड निळा स्वेटर काढला. त्याला कापराचा वास होता.

"जेथ्रोचा?"

"हो. माझ्या हातचा आहे, टोचेल जरा."

तिने मासे-बटाट्याचं कढण वाढलं. एक ताटली हार्कपुढे ठेवली, दुसरी खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढे. हार्कने खुर्चीकडे पाहिलं, मग बराच वेळ दाराकडे पाहत राहिला.

"मुलगा केवढा आहे?"

"तेवीस."

"लग्न झालंय?"

"कुठलं. पोरी बघायच्या आणि घरी येऊन नावं ठेवायची. हिचं नाकच वाकडं, तिचं हसणंच मोठं. म्हटलं, मेल्या, आरशात बघ एकदा."

हार्कला हसू आलं. "माझी आईही येन्सला हेच म्हणते."

"येन्स कोण?"

"थोरला भाऊ. आम्ही दोघंच. बेटावर घर आहे आमचं. तिकडे सगळे पुरुष समुद्रावरच."

"मग तुझ्या आईला झोप नसेल."

"नाही येत."

रिकाम्या खुर्चीपुढच्या ताटलीवर थर्झाने फडकं टाकलं. वाऱ्याने खिडकीची काच खडखडत होती. समोर आपल्या पोराच्या वयाचा मुलगा जेवत होता.

"तो कुठल्या वाटेनं येतो?" हार्कने विचारलं.

"दक्षिणेच्या. लहानपणापासूनची सवय. तिकडून आलं की या खिडकीतल्या मला हात करता येतो ना."

हार्कने चमचा खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बाई, आज दक्षिणेकडून कुणाला येऊ देऊ नका. सगळे तिथेच आहेत. उत्तरेला आम्ही गेलोच नाही."

थर्झा शालही न घेता धक्क्याकडे धावली.

भरतीला नऊच्या नऊ बोटी उत्तरेच्या वाटेने आत आल्या. धक्क्यावर बायका रडत होत्या, नवऱ्यांना शिव्या देत होत्या. प्रायरने थर्झासमोर टोपी काढली. ती घरी परतली ती एकटीच.

हार्कला न्यायला दोन शिपाई आले होते. त्याने स्वेटर काढून, घडी घालून टेबलावर ठेवला होता. शेजारी दुसऱ्या ताटलीतलं कढण गार पडलं होतं.

"आल्या सगळ्या?"

"सगळ्या."

"बरं झालं."

"स्वेटर अंगात राहू दे, पोरा. बाहेर गारठा आहे."

"नको. तो तुमच्यापाशीच असावा."

थर्झाला त्याच्याकडे बघवेना. आपण एका आईच्या लेकराला आईपणाच्या नावाखाली ठकवलं, हे तिला सहन होत नव्हतं. "मी फसवलं तुला," ती म्हणाली. "माझा जेथ्रो..."

"फसवलं नाहीत, बाई," हार्क म्हणाला. "समुद्रावर गेलेला माणूस बूट घालून जातो; न परतलेल्याचाच दुसरा जोड आई असा दारात मांडून ठेवते. दारात ते पाहिले तेव्हाच कळलं मला. आमच्या दारातही येन्सचे तसेच आहेत, तीन वर्षं झाली. फक्त जेथ्रो कुठल्या बोटीवर होता, तेवढं मला सांगू नका."