सोळावा शुक्रवार

मडक्याच्या तोंडावरची गाठ निर्मलाबाईंची नव्हती.

त्यांनी फडकं सोडलं. आत लोणच्याची बरणी होती, आमचुराची पुडी होती. चिंचेचा गोळा मात्र निम्माच उरला होता.

सोळा शुक्रवार या घरात आंबटाचा कण शिजला नव्हता. जेवढं आंबट होतं तेवढं मडक्यात बांधून मागच्या पडवीत, फळीवर. संतोषीमातेचं हे व्रत निर्मलाबाईंनी लेकीसाठी धरलं होतं. विमलाची बाविशी उलटली, तरी कुठे जमत नव्हतं. मागच्याच शुक्रवारी दिघोरीच्या मास्तरांचा निरोप आला, मुलगी पसंत आहे, लग्न वैशाखात करू. आज उद्यापन. आठ मुलं जेवायची. त्यांच्या पोटात आंबट गेलं की व्रत मोडलं, आणि व्रत मोडलं की जमलेलं लग्न मोडलं. यात निर्मलाबाईंना शंका नव्हती.

चिंच कोणी नेली, यातही फारशी नव्हती. काल पडवीत तांदूळ निवडायला शोभाताई बसल्या होत्या. शेजारच्या क्वार्टरमधल्या. जवाहरनगरला, दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या वसाहतीत, आल्या दिवसापासूनची मैत्री. पण याच मास्तरांनी आधी शोभाताईंची मुलगी पाहिली होती आणि नको म्हटलं होतं. असल्या उद्यापनात जळणारं माणूसच आंबट कालवतं, हे निर्मलाबाईंनी ऐकलं होतं.

"काहून वं निर्मला, तोंड काहून उतरलं?" शोभाताई दारात उभ्या. मागे त्यांची दोन धाकटी मुलं, हातात झाकलेली टोपली.

"काय आहे त्याच्यात?"

"केळी. पोरायले पैसे देता येत नाही ना आज. बोरं घेऊन खातील मेले."

निर्मलाबाईंनी केळी उलटीपालटी करून पाहिली.

"बॉम्ब फॅक्टरीत बनते वं, माह्या घरी नाही," शोभाताई हसल्या.

निर्मलाबाई हसल्या नाहीत.

नैवेद्याआधी खिरीची चव घेता येत नव्हती. त्या पातेल्यावर वाकून नुसता वास घेत राहिल्या. पुऱ्या तळता तळता विमला तोंडाला पदर लावून उठली. "तेलाचा धूर लागते, आई." शोभाताईंनी लगेच झारा हातात घेतला. थोड्या वेळानं विमलानं खिरीच्या पातेल्याला हात घातला, तर शोभाताई ओरडल्याच. "राहू दे पोरी! जड आहे. मी नेतो."

माझ्या खिरीपाशी हिचं एवढं काय काम? निर्मलाबाईंनी पातेल्याचा दुसरा काठ धरला. दोघी तशाच पंगतीपर्यंत गेल्या. कोणी सोडेना.

मुलं जेवू लागली. निर्मलाबाई ताटांकडे पाहतच नव्हत्या, तोंडांकडे पाहत होत्या. शोभाताईंच्या ईश्वरनं खीर ओरपली आणि तोंड वाकडं केलं. निर्मलाबाईंची पळी हवेतच थांबली.

"काय झालं रे?"

"दात हालते, काकू. खीर आणखी वाढा ना."

वाट्या चाटूनपुसून झाल्या. एकेक केळं घेऊन मुलं पळाली. व्रत पार पडलं. निर्मलाबाईंनी देवीपुढं डोकं टेकलं. उठतात तो कानाशी शोभाताई.

"निर्मला, वैशाखाची वाट नको पाहू. याच महिन्यात लगन उरकून टाक."

"एवढी कायची घाई?"

"घाई कर, म्हणून सांगून राहिलो."

खिरीत साधलं नाही, आता मुहूर्तात बोट घालते. निर्मलाबाईंचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. "माह्या पोरीचं मी पाहून घेतो, शोभा. तू तुह्या पोरीचं पाह्य."

उष्टी ताटं उचलून शोभाताई मागे गेल्या.

ताटं ठेवायला एवढा वेळ लागतो? निर्मलाबाईंनी बांगड्या मनगटावरून वर सारल्या, वाजू नयेत म्हणून, आणि अनवाणी पावलांनी मागे गेल्या.

पडवीच्या दारात शोभाताई घराकडे पाठ करून उभ्या होत्या. दोन्ही हातांनी पदर पसरून, घरातून कोणाला काही दिसू नये अशा. तरी पदराच्या काठाखालून दिसलंच. सुटलेलं फडकं जमिनीवर पडलं होतं, आणि त्याच्याशेजारी उकिडवी बसलेली विमला, मुठीत चिंच.

"हळू खा पोरी," शोभाताई दबक्या आवाजात म्हणत होत्या. "मले बी चारही खेपेले चिंचच लागे."